पंखा बंद केल्यावर ऐकू येणारा संगणक

डोंबिवलीत छताचा पंखा वर्षातले दहा महिने तरी चालू असतो आणि त्याच्या आवाजाखाली घरातले बाकीचे बारीकसारीक आवाज झाकून जातात. आमच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवलेला जुना संगणक, ज्याला मी उगाच भारदस्तपणे ‘सर्व्हर’ म्हणत असे, तो तीन वर्षे कोणाला खुपला नाही याचे कारण एवढेच होते. मग डिसेंबरातल्या एका रात्री थंडी वाजते म्हणून पंखा बंद केला आणि त्या खोलीत झोपणाऱ्या आईने आत येऊन विचारले, “अरे, फ्रिज बिघडलाय का रे? केव्हाचा घरघरतोय.” फ्रिज धडधाकट होता. घरघर होती ती सर्व्हरची, आणि दोन खोल्यांच्या घरात त्याला हलवायला दुसरी जागा नव्हती.

हा संगणक घरात का होता, हे थोडक्यात सांगतो. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजने अमर्याद फुकट साठवण बंद केली, तेव्हा दर महिन्याला पैसे भरण्याऐवजी फोटो आपल्याच घरी ठेवावेत असे मनात आले. कपाटावर धूळ खात पडलेला एक डेस्कटॉप होता, त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवली. आधी फोटोंसाठी इमिच आले, मग वडिलांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलेल्या जुन्या चित्रफितींसाठी आणि गाण्यांसाठी जेलीफिन, फोनच्या फायली आपोआप उतरवून घेण्यासाठी सिंकथिंग, आणि जाहिराती अडवण्यासाठी पाय-होल. हे सगळे व्यवस्थित चालत होते. आईच्या तक्रारीपर्यंत या यंत्राला किती वीज लागते, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाही नव्हता.

खप मोजण्याचे साधन माझ्याकडे नव्हते, म्हणून मी महावितरणच्या मीटरचाच उपयोग केला. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहानसा लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, तो आकडा मीटरच्या दर्शनी भागावर छापलेला असतो. माझ्या मीटरवर तो ३,२०० आहे. म्हणजे एका लुकलुकीला ०.३१२५ वॉट-तास वीज जाते, आणि दोन लुकलुकींमध्ये जितके सेकंद जातात त्या संख्येने ११२५ ला भागले की त्या क्षणी घरात किती वॉट वापरले जात आहेत हे कळते. घरातले सगळे एका लग्नाला गेले असताना मी फ्रिज, राउटर, पाण्याचा फिल्टर, दारावरची घंटीसुद्धा बंद केली, फक्त संगणक चालू ठेवला, आणि जिन्यातल्या मीटरसमोर घड्याळ घेऊन उभा राहिलो. दहा लुकलुकींना ३ मिनिटे ३६ सेकंद लागले. खप निघाला ५२ वॉट. शेजारच्या काकांनी दोनदा येऊन बिल जास्त आले का म्हणून चौकशी केली, ती वेगळी. (ही पद्धत पाच-सात वॉटच्या खाली भरवशाची राहत नाही, कारण इतक्या लहान भारावर घरातली एखादी विसरलेली वस्तूही हिशेब बिघडवते. पुढे मी प्लगमध्ये बसणारा मीटर विकत घेतला.)

आता हे ५२ वॉट म्हणजे किती? एक वॉटची वस्तू वर्षभर अहोरात्र चालली तर तिला ८.७६ युनिट लागतात. म्हणजे माझा सर्व्हर वर्षाला साधारण ४५५ युनिट खात होता. आमच्या फ्रिजवर बीईईची जी ताऱ्यांची पट्टी चिकटवलेली आहे, तिच्यावर वर्षाचा खप २०० युनिटांच्या आसपास लिहिला आहे. दूध, भाजी आणि आमरस सांभाळणाऱ्या यंत्राच्या दुपटीहून जास्त वीज फोटो सांभाळणारे यंत्र घेत होते. महिन्याच्या बिलात ते ३८ युनिट होते, आणि महावितरणची आकारणी ० ते १००, १०१ ते ३०० अशा चढत्या टप्प्यांनी होत असल्यामुळे हे युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातूनच जात होते. त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. हिशेबाला सोपे जावे म्हणून सगळे मिळून युनिटला १२ रुपये धरले, तर वर्षाला साडेपाच हजारांच्या जवळ जाणारी रक्कम होते.

यातली खरी खटकणारी गोष्ट अशी की हे ५२ वॉट संगणक काहीही करत नसतानाचे होते. घरचा सर्व्हर हे ऑफिसातल्या सर्व्हरसारखे राबणारे यंत्र नाही. चार माणसांच्या घरात तो दिवसाचे तेवीस तास नुसता बसून असतो. कोणी फोटो काढला तर तो उतरवून घेतो, रात्री गाणे लावले तर ती फाइल पाठवतो, आणि पुन्हा बसतो. त्यामुळे असा संगणक निवडताना तो किती वेगाने काम करतो यापेक्षा रिकामा बसलेला असताना किती खातो, हाच प्रश्न पहिला विचारायला हवा. पण विक्रेत्याच्या पानावर हा आकडा कधीच नसतो. तिथे प्रोसेसरचा टीडीपी असतो, आणि बहुतेक ग्राहक त्यालाच खप समजतात.

टीडीपी म्हणजे, प्रोसेसर भरपूर राबत असताना किती उष्णता बाहेर काढण्याची सोय करावी लागेल, हे थंडपणाची व्यवस्था करणाऱ्याला सांगणारा आकडा आहे. रिकाम्या वेळेबद्दल तो काही सांगत नाही, आणि प्रोसेसरखेरीज मदरबोर्ड, मेमरी, डिस्क व या सगळ्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस यांच्याबद्दल तर मुळीच नाही. या गैरसमजाचे जुने उदाहरण इंटेलच्या अ‍ॅटमचे आहे. २००८ साली आलेल्या अ‍ॅटम २३० या प्रोसेसरचा टीडीपी ४ वॉट होता आणि त्या चार वॉटचे मोठे कौतुक झाले, पण त्याच्यासोबत मदरबोर्डवर जो ९४५जीसी चिपसेट, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप, दिला जाई, त्याचा टीडीपी २२ वॉटच्या घरात होता. बोर्डावर पंखा बसवलेला असे तो प्रोसेसरवर नव्हे, तर त्या चिपसेटवर. नवरदेवापेक्षा करवलीचा मान मोठा, तसा तो प्रकार होता.

माझ्या जुन्या डेस्कटॉपचेही तेच झाले होते. २०१३ च्या पिढीचा इंटेलचा आय५ प्रोसेसर रिकामा असताना फारसा खादाड नव्हताच. पण एक बिनकामाचे ग्राफिक्स कार्ड तसेच राहून गेले होते, दोन साडेतीन इंची डिस्क सतत फिरत होत्या, आणि ४५० वॉटचा एसएमपीएस ५० वॉटसाठी राबत होता. एसएमपीएसच्या कार्यक्षमतेसाठी दिल्या जाणाऱ्या ८० प्लस या प्रमाणपत्राची मूळ चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. माझा भार १२ टक्क्यांच्याही खाली होता, म्हणजे ज्या पट्ट्यात एसएमपीएसची कार्यक्षमता घसरत जाते आणि ही चाचणी जो मोजतही नाही, नेमक्या त्याच पट्ट्यात माझा संगणक आयुष्य काढत होता. ग्राफिक्स कार्ड काढून टाकल्यावर काही वॉट वाचले, पण घरघर तशीच राहिली.

पर्यायांकडे वळलो तेव्हा पहिले नाव अर्थातच रास्पबेरी पाय ५ या एकाच बोर्डाच्या चिमुकल्या संगणकाचे आले. रिकामा असताना तो जेमतेम तीन वॉट घेतो आणि या बाबतीत त्याच्या जवळपास कोणी नाही. पण पायची किंमत ही नुसत्या बोर्डाची किंमत असते. त्याला ५ व्होल्ट ५ अँपियरचा खास पॉवर सप्लाय लागतो, कारण साधा ३ अँपियरचा जोडला तर तो यूएसबीला मिळून फक्त ६०० मिलिअँपियर देतो आणि बाहेरची डिस्क त्यावर अडखळते. मेमरी कार्डावर सतत लिहिले जाणारे काम ठेवू नये, म्हणून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, हवी, आणि एसएसडी बसवायची म्हणून ती जोडणारी वेगळी पाटी हवी. शिवाय २०२३ साली आलेल्या या बोर्डावर एच.२६४ व्हिडिओ एन्कोड करण्याची हार्डवेअर सोयच नाही, त्यामुळे जेलीफिनने एखादा चित्रपट फोनला झेपेल अशा रूपात बदलायला घेतला की सगळा भार प्रोसेसरवर येतो. ज्याला फक्त पाय-होल आणि घरातल्या दिव्यांचे ऑटोमेशन चालवायचे आहे, त्याने पाय घ्यावा. मला फोटो आणि चित्रफिती सांभाळायच्या होत्या.

जुना लॅपटॉप वापरण्याची सूचना अनेकांनी केली. सूचना चांगली आहे, कारण रिकाम्या वेळचा खप कमी ठेवण्यासाठीच तो घडवलेला असतो आणि यूपीएस पोटातच असतो. मात्र वर्षानुवर्षे पूर्ण चार्जवर ठेवलेली लिथियम बॅटरी फुगू शकते, आणि फुगलेली बॅटरी आई झोपते त्या खोलीत नको, एवढ्यावर मी तो विचार सोडला. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय ज्या लॅपटॉपमध्ये असेल, त्याच्या मालकाने माझे ऐकू नये.

मग उरले दोन, आणि त्या दोघांत मी जवळजवळ दोन महिने घुटमळत राहिलो. पहिला, इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा नवा मिनी पीसी. दुसरा, कार्यालयांमधून निवृत्त झालेला, जेमतेम एक लिटर आकारमानाचा लहान संगणक.

एन१०० हा २०२३ च्या सुरुवातीला आलेला प्रोसेसर या कामासाठी बेतल्यासारखाच आहे. चार कोअर, टीडीपी ६ वॉट, आणि व्हिडिओसाठी क्विक सिंक नावाची हार्डवेअर सोय, जी एव्ही१ हा नवा प्रकारही वाचू शकते. मर्यादा अशा की मेमरीचा एकच चॅनल आहे, तिची अधिकृत कमाल १६ जीबी आहे, आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे जादा उपकरणे जोडण्याच्या वाटेच्या, फक्त नऊ लेन असल्यामुळे पुढे फार काही जोडता येत नाही. एका सहकाऱ्याने त्याचा एन१०० मला पंधरवडाभर वापरायला दिला. रिकामा असताना एका एसएसडीसह तो ७ वॉटवर बसत असे आणि जेलीफिनचे काम त्याने सहज पेलले. पण रात्री पंखा बंद केला की त्याच्या पोटातल्या लहानशा पंख्याची बारीक, उंच पट्टीतली शीळ ऐकू येई. जुन्या डेस्कटॉपची घरघर खालच्या पट्टीतली होती, तिच्याकडे काही वेळाने कान दुर्लक्ष करत. ही शीळ आवाजाने कमी असूनही जास्त टोचत होती. लहान पंख्याला तेवढीच हवा हलवण्यासाठी जास्त वेगाने फिरावे लागते आणि वेग वाढला की सूर चढतो, हे तानपुऱ्याच्या तारेइतके सरळ गणित आहे. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ जुळण्यांमध्ये, डोकावल्यावर कळले की ६ वॉटच्या या प्रोसेसरला सलग १५ वॉटपर्यंत खाण्याची परवानगी देऊन ठेवली होती, म्हणजे चाचण्यांमध्ये आकडे बरे दिसावेत. ती मर्यादा खाली आणली, शीळ बरीचशी थांबली. थोडक्यात, एन१०० घेऊ नये असे नाही, पण पेटीतून काढला आणि ठेवून दिला असेही करू नये. आणि त्यावर आधीपासून घातलेल्या विंडोजचा भरवसा नसतो, म्हणून ते पुसून स्वतःची प्रणाली नव्याने बसवल्याशिवाय तो घराच्या नेटवर्कला जोडूच नये.

एक लिटरचे संगणक म्हणजे लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि एचपीचे एलिटडेस्क मिनी. बँकेत किंवा रुग्णालयाच्या खिडकीपलीकडे मॉनिटरच्या पाठीला चिकटवलेला जो जाडसर वहीएवढा डबा दिसतो, तोच हा. कंपन्या ते हजारांनी घेतात, तीन-पाच वर्षांनी बदलतात, आणि जुने ठोक भावाने बाजारात येतात. या बाजारात एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे डबे मोठ्या प्रमाणात निघाले आणि स्वस्तही झाले. लिनक्स वापरणाऱ्याला ते चालतात. तरी सहावी पिढी मी टाळा म्हणेन, कारण १० बिट एचईव्हीसी, म्हणजे आजकालच्या बऱ्याच चित्रपट-फायलींचा प्रकार, हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय सातव्या पिढीत आली. आठव्या पिढीत आय५ ला चाराऐवजी सहा कोअर मिळाले, आणि माझ्या मते पैशाच्या मानाने सर्वांत रास्त ठिकाण तेच आहे. प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘टी’ हे अक्षर पाहावे. आय५-८५००टी चा टीडीपी ३५ वॉट आहे आणि हे डबे त्यासाठीच घडवलेले असतात.

एका शनिवारी मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण या नावाने विचारले तर दुकानदार पत्ता चुकल्यासारखे पाहतात. ऑनलाइनही हे डबे मिळतात, मात्र वापरलेल्या यंत्राचा पंखा कानाला लावून ऐकल्याशिवाय घेणे मला जमले नसते. तिसऱ्या दुकानात ८५००टी, १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी एसएसडी असलेला डबा १३,५०० रुपयांना मिळाला. मी सोबत नेलेला मीटर प्लगमध्ये लावू का विचारल्यावर दुकानातला मुलगा हसला, पण त्याने लावू दिला. विंडोज शांत बसल्यावर आकडा ११ च्या आसपास स्थिरावला. अडॅप्टर मूळ कंपनीचाच आहे ना, तेवढे मात्र नीट पाहावे, कारण नकली अडॅप्टर स्वतःच किरकिरतात आणि रिकाम्या वेळीही गरम राहतात.

घरी आणल्यावर सगळ्यात आधी तो उघडला. पाच वर्षे कोणत्याशा कार्यालयाच्या टेबलाखाली काढलेल्या डब्यात जितकी धूळ असावी तितकी होती. पंख्याची पाती रोखून धरून ब्लोअरने ती उडवली, प्रोसेसरवरची खडूसारखी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. अर्ध्या तासाच्या या कामाने रिकाम्या वेळचा पंखा इतका मंदावला की कान टेकवल्याशिवाय कळेना. वापरलेला डबा घेणाऱ्याने हे काम किमतीतच धरावे.

डेबियन बसवल्यावर मीटरने १४ वॉट दाखवले तेव्हा माझी निराशा झाली, कारण दुकानात तो यापेक्षा कमी होता. इथे वीज कुठे जाते ते दाखवणारे पॉवरटॉप हे साधन उपयोगी पडले. प्रोसेसर रिकामा झाला की तो एकेक भाग झोपवत खोल झोपेत जातो, या झोपेच्या पायऱ्यांना सी-स्टेट म्हणतात, आणि बोर्डावरचे एखादे चिल्लर उपकरणही जागे राहिले तर सगळे पॅकेज वरच्याच पायरीवर अडकून पडते. एकत्र कुटुंबात एक जण उजेड लावून बसला की कोणालाच झोप लागत नाही, तसे. माझ्याकडे दोन गोष्टी निघाल्या. बायोसमध्ये पीसीआय एक्स्प्रेसची वीजबचत, म्हणजे एएसपीएम, बंद ठेवलेली होती. आणि मागच्या यूएसबी पोर्टमध्ये वायरलेस कीबोर्डचा रिसीव्हर विसरून राहिला होता. एएसपीएम चालू केले, रिसीव्हर काढला, पॉवरटॉपने सुचवलेल्या जुळण्या सुरू होतानाच लागू होतील असे केले, आणि आकडा ९ वर आला. सहकाऱ्याच्या एन१०० पेक्षा दोन वॉट जास्त. दोन वॉट म्हणजे वर्षाला साडेसतरा युनिट, दोनशे-सव्वादोनशे रुपये. त्या बदल्यात सहा कोअर, मेमरीचे दोन स्लॉट आणि मोठा, खालच्या सुरातला पंखा मिळत असेल, तर मला तो सौदा पटला.

पण वॉट असोत वा आवाज, घरच्या सर्व्हरमध्ये दोन्हींचा खरा धनी प्रोसेसर नसतोच, डिस्क असते. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत राहिली तरी चार-पाच वॉट घेते, म्हणजे दोन डिस्क जोडल्या की त्यांनीच उरलेल्या सगळ्या संगणकाइतकी वीज खाल्ली. माझ्या जुन्या डेस्कटॉपच्या घरघरीचे मूळही पंख्यात कमी आणि डिस्कांत जास्त होते. मी तो लोखंडी कपाटाला टेकवून ठेवला होता आणि डिस्कांच्या कंपनांनी ते कपाटच ढोलासारखे वाजत होते. खाली जुन्या चटईचा तुकडा घालून तो कपाटापासून चार बोटे दूर केला, तेव्हा आवाज जवळजवळ निम्मा झाला. हे आधी सुचले असते तर कदाचित ही खरेदी आणखी एक वर्ष लांबली असती. डिस्क वापरात नसताना थांबवून ठेवण्याची सोय असते, पण फोटोंचे सॉफ्टवेअर दर थोड्या वेळाने काहीतरी चाळत राहते, मग डिस्क थांबते, पुन्हा उठते, आणि मध्यरात्री ती उठतानाचा आवाज सतत फिरण्यापेक्षा जास्त दचकवतो.

एक लिटरच्या डब्यात साडेतीन इंची डिस्क मावतच नाही. माझ्या डब्यात अडीच इंची एक जागा आणि एम.२ एसएसडीसाठी एक स्लॉट आहे. त्या जागेत मावेल इतकी पातळ अडीच इंची फिरती डिस्क दोन टीबीपर्यंत मिळते, पण त्यातल्या बहुतेक एसएमआर पद्धतीच्या असतात, म्हणजे कौले एकावर एक चढवावीत तसे त्यांचे ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात आणि खूप फायली एकदम लिहिताना त्या रांगायला लागतात. आमचा सगळा ऐवज ९०० जीबीच्या आत होता, म्हणून मी दोन टीबीची साटा एसएसडी घेतली. ११,५०० रुपये मोजताना हात आखडला, पण या सगळ्या खर्चात शांतता विकत घेतली असेल तर ती याच वस्तूने. जुन्या दोन डिस्कांपैकी चांगली असलेली एक यूएसबी पेटीत घातली. ती रविवारी सकाळी तासाभरासाठी चालू होते, बॅकअप घेते आणि उरलेला आठवडा कपाटात बंद असते. ज्यांचा साठा आठ-दहा टीबीचा आहे त्यांना हा मार्ग नाही, त्यांना साडेतीन इंची डिस्का घ्याव्याच लागतील. मग त्यांनी शांत संगणक शोधण्याऐवजी पोटमाळा शोधावा.

सगळे मिळून २५,००० रुपये झाले. डिस्क, नेटवर्क आणि चालू सेवा धरून आता खप १२ वॉट आहे, म्हणजे ४० वॉटची बचत, वर्षाला ३५० युनिट, सुमारे ४,२०० रुपये. पैसे वसूल व्हायला सहा वर्षे लागतील. वीज वाचवण्यासाठी हा संगणक घेतला असे मी घरी सांगितले, आणि पत्नीने हाच भागाकार तोंडी करून दाखवला. पण खाल्लेली सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच बाहेर पडते, आणि मे महिन्यात बाहेरच्या खोलीत रात्रंदिवस पेटलेला पन्नास वॉटचा बल्ब काढून टाकण्याचे मोल त्या भागाकारात येत नाही.

मे महिन्याचा विषय निघालाच आहे. शांततेची परीक्षा डिसेंबरात होते, तशी उष्णतेची मेमध्ये. बिनपंख्याच्या पेट्या मला फार मोहात पाडत होत्या, कारण ज्यात फिरणारे काहीच नाही त्याचा आवाज येण्याचा प्रश्नच नाही. परंतु त्यांची धातूची पाठ ज्या हवेत उष्णता सोडते, ती हवाच ३६ अंशांची असेल तर प्रोसेसर आपला वेग कमी करून निभावतो आणि आतली एसएसडी भाजत राहते. किनाऱ्यावर ते एकवेळ चालेल, विदर्भात ४५ अंशांत बंद कपाटात ठेवलेली बिनपंख्याची पेटी मला धोक्याची वाटते. माझ्या डब्याचा पंखा आतापर्यंत एकदाच खऱ्या अर्थाने ऐकू आला: इमिचमध्ये सगळे फोटो पहिल्यांदा चढवले तेव्हा चेहरे ओळखण्याचे काम दीड दिवस चालले होते. त्यानंतर तो मेमध्येही कुजबुजण्यापलीकडे गेलेला नाही.

राहिला विजेचा प्रश्न. अशा यंत्राला जाणारी वीज चालते, पण अर्धवट जाणारी वीज चालत नाही. घरातल्या इन्व्हर्टरच्या पाठीमागे ‘यूपीएस’ असे एक बटण असते. ते चालू असले की वीज गेल्यावर बॅटरीवर येण्याचा काळ इतका कमी होतो की संगणकाला कळतही नाही. मात्र त्या स्थितीत इन्व्हर्टर कमी दाबाची वीज स्वीकारत नाही, त्यामुळे जिथे दाब वारंवार उतरतो तिथे तो दिवसातून दहा वेळा बॅटरीवर जातो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अडॅप्टर आणि छताचा पंखा दोघेही गुणगुणतात, म्हणजे शांततेसाठी केलेला खर्च वीज गेली की वाया जातो. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची जुळणी मी पहिल्याच दिवशी केली, नाहीतर मी कामावर असताना आईला फोन करून बटण दाबायला सांगावे लागले असते.

याच विजेमुळे दुसऱ्या संगणकाच्या वेळी माझी निवड उलटी झाली. फोटोंची एक प्रत घराबाहेर असावी म्हणून सांगलीला ताईकडे एक लहान यंत्र ठेवायचे ठरले. तिच्याकडे इन्व्हर्टर आहे, पण दाब इतका खाली-वर होतो की यूपीएसचे बटण कायम बंद असते. एक लिटरचा डबा १९-२० व्होल्टवर चालतो, तर बरेचसे एन१०० मिनी पीसी १२ व्होल्टवर, आणि राउटरसाठी बाजारात जे छोटे डीसी यूपीएस मिळतात तेही बहुतेक १२ व्होल्टचेच. त्यातला २ अँपियरचा, म्हणजे २४ वॉटचा, मी टाळला, कारण संगणक सुरू होतानाचा झटका त्याला पेलेलच असे नाही, आणि ३ अँपियरचा घेतला. तिथे व्हिडिओ उलगडायचा नाही, कोणी झोपते त्या खोलीत ठेवायचा नाही, नुसती प्रत स्वीकारायची आहे. एन१०० त्या कामाला पुरून उरतो, आणि बायोसमध्ये त्याला ६ वॉटवर बांधूनच मी नेला. पहिली पूर्ण प्रत नेटवरून पाठवायला कित्येक रात्री लागल्या असत्या, म्हणून ती डिस्कवर घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसने कल्याणहून सांगलीला गेलो. आता रोज रात्री दोन वाजता फक्त नवे फोटो जातात.

आठवड्याने ताईचा फोन आला. आवाज अजिबात येत नाही, म्हणाली, पण त्याचा निळा दिवा एवढा प्रखर आहे की पॅसेजमधून रात्री देवघरापर्यंत उजेड पडतो. तिला त्यावर काळी इन्सुलेशन टेप लावायला सांगितली.